लग्नाआधी सोडलेलं घर

आमच्या कामठ्याच्या घरात कडी लागणाऱ्या खोल्या दोनच होत्या. एक दिलीपदादा आणि वहिनीची, दुसरी माझी. बाकी घर सगळं एकमेकांत उघडलेलं. पुढे ओसरीसारखी सपरी, सपरीतून आत गेलं की मधलं घर, त्याच्या कडेला धानाची पोती, मागे स्वयंपाकघर आणि त्याच्यामागे परसातली सांदवाडी, जिथे कोचईची, तुमच्या अळूची, मोठमोठी पानं नाहणीच्या पाण्यावर वाढत. माझी खोली मला कुणी दिली नव्हती. बी.एड.च्या परीक्षेच्या वेळी माय म्हणाली होती, "दार लावून घे अन् बस वाचत," आणि परीक्षा संपल्यावर ती परत घ्यायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. मी गोंदियाच्या एका खासगी शाळेत इंग्रजी शिकवायला लागले, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची झाले, तरी खोली माझ्याकडेच राहिली. पाहुण्यांमध्ये माझा विषय निघाला की माय आवाज खाली आणून म्हणायची, "घरीच आहे." त्या दोन शब्दांत माझं वय, नाकारलेली स्थळं आणि मायची झोप, सगळंच यायचं. दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा, तोही घरीच होता. त्याच्याबद्दल असं कुणी कधी म्हटलं नाही.

घरात आम्ही पोवारी बोलायचो, गावात झाडीबोली आणि गोंदियाला उतरलं की हिंदी. वहिनी डोंगरगढकडची, तिची छत्तीसगढी निराळीच. इथं लिहिताना मी सगळ्यांना झाडीतच बोलतं केलं आहे, नाहीतर वाचणाऱ्याची वाट लागेल. त्या घराची सकाळ मला आजही आवाजांनीच आठवते. आधी बाबूजींचं खाकरणं, मग त्यांचा ट्रान्झिस्टर, ज्यातून बातम्यांपेक्षा खरखर जास्त येई. मायचा खराटा. कोठ्यात बैलांनी मान हलवली की घुंगरं. आणि गावाच्या टोकाला राइस मिल सुरू झाली की तिचा एकसुरी घुमणारा आवाज, जो दिवसभर ऐकू यायचा आणि बंद झाला की मगच कळायचा. मी डबा घेऊन निघेपर्यंत चुलीवर भाताचं मोठं गंज, म्हणजे पातेलं, चढलेलं असे. भात, तुरीचं वरण, अंबाडीची भाजी, वर जवसाची चटणी. रविवारी कोचईच्या पानांच्या वड्या. बाबूजी जेवताना बोलत नसत आणि इतर वेळीही फारसं बोलत नसत. त्यांचं सगळं बोलणं बैलांशी आणि दादाशी व्हायचं. दादाशी म्हणजे भांडण. शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, तूर लावायची की नाही, ह्यावर ते दोघं दर वर्षी त्याच त्या शब्दांत भांडत.

कारीन आमच्याकडे आली ती सारसांमुळे. ती डेन्मार्कची, माझ्याहून जेमतेम दोनेक वर्षांनी मोठी. आमच्या भागातल्या बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या शेतांत, सारस घरटी करतात, त्यांचा अभ्यास करायला ती आली होती. वनखात्यातल्या एका ओळखीच्या साहेबांनी बाबूजींना विचारलं, तुमच्या घरी इंग्रजी बोलणारी मुलगी आहे, एवढा एक हंगाम ठेवून घ्या. बाबूजी हो म्हणाले, आणि साहजिकच माझी खोली तिला गेली, माझ्या सागवानी पलंगासकट. मी मधल्या घरात, पोत्यांच्या आडोशाला गादी टाकली. मायच्या जिभेला कारीन जमेना. दुसऱ्याच दिवशी तिनं तिचं नाव करुणा करून टाकलं, आणि गावानंही तेच उचललं.

करुणा गुडघाभर चिखलात दिवसभर फिरायची, चष्म्यावर चिखलाचे शिंतोडे घेऊन घरी यायची आणि सपरीत बसून मायच्या हातचा चहा बशीतून प्यायची. ती बशी तिला बाबूजींनी शिकवली. संध्याकाळी माय तिची उलटतपासणी घ्यायची, मध्ये दुभाषी मी.

"इचार तिले, सारसाचं पिल्लू किती दिवस मायजवळ रायते?"

मी विचारलं. करुणा म्हणाली, पुढच्या हंगामापर्यंत. मग आईबापच त्याला हाकलून लावतात.

"हाकलते?" मायनं हातातली पानं खाली ठेवली. "माय हाकलते? अन् तुह्या मायनं?"

करुणाला हसू आलं. ती म्हणाली, पक्ष्यांचं पक्ष्यांना, माणसांचं माणसांना. आई लहानपणीच वारली. बापानं वाढवलं. एकोणीसची झाल्यावर ती स्वतःच घरातून निघाली, कुणी हाकललं नाही. त्यांच्याकडे सगळेच निघतात. बाप आता खेड्यात एकटा राहतो, ती नाताळाला जाते, मधूनही जाते. जायच्या आधी फोन करते.

"सोताच्या घरी फोन करून जाते?" हे बाबूजींनी विचारलं. ते ऐकत आहेत हे आम्हाला माहीतच नव्हतं.

आम्हाला तिची कीव आली आणि तिला आमची, हे मला हळूहळू कळायला लागलं. तिला दादाचं फार नवल वाटे. बत्तीस वर्षांचा, लग्न झालेला, अंगानं धिप्पाड गडी, आणि बाहेर जाताना "येतो" म्हणून बापाला सांगून जातो. तिच्या देशात असा माणूस असता तर लोकांना वाटलं असतं, ह्याचं काहीतरी चुकतंय. मी हे दादाला सांगितलं तर तो हसत सुटला. "मी कोठी जाऊ? माहंच घर आहे ना हे!" त्याच्या बाजूनं ते खरंच होतं. मग एका दुपारी, धुऱ्यावरून घरी येताना, तिनं मला विचारलं, "आणि तू? हे तुझं घर आहे का?"

मी लगेच हो म्हणाले. आणि उरलेला रस्ता मला त्या होचा त्रास झाला. दादाचं घर होतं ते मरेपर्यंत होतं. वहिनीला डोंगरगढचं सोडून इथलं मिळालं होतं. माझं होतं ते लग्न ठरेपर्यंत. मी कमावती होते, शाळेत चाळीस मुलं माझ्या एका नजरेनं गप्प होत, आणि मी अशा घरात राहत होते जिथून मला कधी निघायचं हे कोणीतरी दुसरंच ठरवणार होतं. मला त्या घराचा कंटाळा आला नव्हता. माय-बाबूजींवर राग नव्हता. मला एवढंच पाहायचं होतं की माझ्या पायांनी बाहेर पडून मी उभी राहते की नाही. आजच्या मुलींना ह्यात सांगण्यासारखं काय आहे असं वाटेल. गोंदियात आता गल्लोगल्ली मुलींची वसतिगृहं आहेत, त्यांच्या पाट्या मी बसमधून वाचते. तेव्हा आमच्या गावातली मुलगी लग्नाआधी घर सोडायची ती फक्त शिकायला, आणि माझं शिक्षण तर संपलं होतं.

मी आधी खोली पाहिली आणि मग घरी सांगितलं. मला माहीत होतं की उलट क्रमानं केलं तर खोलीपर्यंत पोचणारच नाही. गोंदियात बाजाराच्या मागच्या गल्लीत एका सिंधी आंटींच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक खोली होती. शाळा तिथून चालत गेलं तरी जवळ. रविवारी जेवणं झाल्यावर मी सांगितलं, बसची दगदग होते, गोंदियाला खोली घेतली आहे, पुढच्या आठवड्यापासून तिकडे राहीन, शनिवारी येत जाईन.

मायला आधी वाटलं मी थट्टा करते आहे. मग तिनं विचारलं, "लगन झाल्याबिगर घर सोडून कायले जातेस? कोनी काही बोललं का तुले?"

"कोनीच नाई बोललं, माय."

"मंग?"

दादा म्हणाला, "लोक म्हनतील भावानं हाकलली. भावजय नांदू देत नाई म्हनतील. तुले काय, तू जाशील. इथं आमाले आयकून घ्या लागते."

हे मी मनात धरलंच नव्हतं, की माझ्या जाण्याचा बोल वहिनीवर येईल. मी तिच्याकडे पाहिलं. ती परातीत उष्टी भांडी गोळा करत होती. ती दादाला म्हणाली, "म्हनू द्या. मी अठरा वर्साची होती तवा मले कोनी नाई इचारलं, जातेस का म्हनून. ताईले जावंसं वाटते तर जाऊ द्या." आणि भांडी घेऊन आत गेली. त्या घरात वहिनी सगळ्यांसमोर इतकं बोलल्याचं मला दुसरं उदाहरण आठवत नाही.

बाबूजींनी पाण्याचा तांब्या उचलला, आंगणात जाऊन चूळ भरली आणि कोठ्याकडे गेले. पुढचा आठवडाभर त्यांनी माझ्या जाण्याबद्दल अवाक्षर काढलं नाही, हो म्हणून नाही आणि नाही म्हणूनही नाही. मी निघाले त्या सकाळी ते बांधीवर गेलेले होते. करुणानं माझी गादी उचलून ऑटोत टाकली. ती माझ्यापेक्षा जास्त खुशीत होती. वहिनीनं चटणीची बरणी दिली. माय सपरीच्या खांबाला धरून उभी होती, रडत नव्हती, आणि तेच जास्त वाईट होतं.

त्या खोलीतल्या पहिल्या संध्याकाळी मी भात टाकला तो सहा माणसांचा टाकला. हाताला दुसरं माप माहीतच नव्हतं. छोट्या पातेल्यातून तो वर येऊन स्टोव्हवर सांडला. तेवढ्यात आंटी वर आल्या, दारातून आत पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "बेटा, इतना किसके लिए?" मग म्हणाल्या, "अकेली मत खा. नीचे आ." त्या इमारतीत खाली दुकान होतं, त्याच्यावर आंटी, त्याच्यावर एकेक करून तिन्ही मुलगे आपापल्या बायकापोरांसह, आणि सगळ्यात वर मी. स्वयंपाक सगळ्यांचा आंटींच्या मजल्यावर. मी एकदा त्यांना म्हटलं की आमच्या घरी एक परदेशी पाहुणी आहे, तिच्याकडे मुलं मोठी झाली की घर सोडतात. आंटींनी विचार केला आणि म्हणाल्या, "हमारे यहाँ बच्चे बड़े होते हैं तो एक माला और चढ़ा देते हैं।" त्यांची धाकटी सून मागे उभी होती. तिनं माझ्याकडे पाहून डोळे फिरवले. तेव्हापासून तिची माझी मैत्री झाली. दुपारी ती वाळवण घालायच्या निमित्तानं वर यायची आणि माझ्या खोलीत अर्धा तास नुसती पडून राहायची. तिला त्या इमारतीत दुसरीकडे कुठे पडता येत नव्हतं.

मला ते राहणं आवडलं. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही, म्हणून इथे लिहून ठेवते. शाळेतून येऊन मी कुलूप उघडायची आणि आत कुणी नसायचं, आणि ते मला एकटेपण वाटायचं नाही, मोकळी जागा वाटायची. वह्या तपासत तपासत मी चिवडा खायची. पावसाळा संपत आला तेव्हा गच्चीवरून नागरा गावाच्या बाजूला वीज चमकताना दिसायची. गादी जमिनीवर होती, फरशीची थंडी पाठीत शिरायची, पण तेही माझंच होतं. शनिवारी मी कामठ्याला जायची. माय आता बोलायला लागली होती, म्हणजे मी किती वाळले हे बोलायला लागली होती. बाबूजी मात्र, मी समोर आले की त्यांना बाहेरचं काम आठवायचं.

धान कापायला आलं तेव्हा करुणाचे वडील आले. त्यांचं नाव हेन्रिक, वय सत्तरीच्या आसपास, उंच, वाकलेले, हाताचे पंजे फावड्यासारखे रुंद. पूर्वी त्यांची गाईंची शेती होती. पुढे करणारं कुणी नव्हतं म्हणून विकली. मुलगी एवढ्या लांब चिखलात काय करते ते पाहायला आले होते, पंधरवडाभर. बाबूजींनी त्यांना पहिल्याच दिवशी बांधीवर नेलं. हेन्रिकनी लोंबी हातात धरली, दाणा दातानं फोडला, मान हलवली. मग बाबूजींनी त्यांना कापलेल्या धानाच्या पेंढ्यांचं पुंजणं रचायला हाक मारली, आणि दोघांनी मिळून ते रचलं, एकही शब्द न कळता. शनिवारी मी पोचले तेव्हा दोघं सपरीत शेजारी शेजारी बसून बशीतून चहा पीत होते. मला पाहून बाबूजी उठले नाहीत. उलट म्हणाले, "बस इथं. त्याले काही इचाराचं आहे मले. करुणाले एवढी भाषा जमत नाई."

हे त्यांचं माझ्याशी कित्येक आठवड्यांतलं पहिलं सरळ वाक्य होतं. मी दोघांच्या मध्ये खाली बसले. मायही आतून येऊन उंबऱ्यावर टेकली.

"इचार, पोरगी घर सोडून गेली तवा तो काय म्हनला?"

मी इंग्रजीत विचारलं. हेन्रिकनी बशी खाली ठेवली. ते फार सावकाश बोलत, कदाचित माझ्यासाठी. ते म्हणाले, "काही नाही म्हणालो. आमच्याकडे तेव्हा काही म्हणत नाहीत. मुलं जातात तेव्हा आनंद दाखवायचा असतो. मी तिचा पलंग गाडीवर बांधला. शहरात नेला. तिची खोली चौथ्या मजल्यावर होती. पलंग वर चढवला, जोडून दिला. खाली येऊन गाडीत बसलो. आणि मग बराच वेळ मला गाडी सुरू करता आली नाही."

मी ते बाबूजींना सांगितलं. बाबूजींनी विचारलं, "बिघडली होती?"

मी हेन्रिकना विचारलंच नाही. म्हटलं, "नाई बाबूजी. गाडी चांगली होती."

बाबूजींना ते समजायला एक क्षण लागला. करुणा भिंतीला टेकून बसली होती, तिनं बापाकडे पाहिलं. नंतर ती मला म्हणाली की ही गोष्ट त्यांनी तिला कधीच सांगितली नव्हती. ती वरून खिडकीतून हात हलवत होती आणि गाडी का हलत नाही म्हणून वैतागली होती.

"त्याले सांग," बाबूजी म्हणाले, आणि ते हेन्रिककडेच पाहत होते, माझ्याकडे नाही, "माह्या पोरीनं मले पलंग उचलाले सांगतलंच नाई."

मी इंग्रजीत म्हणाले, "ते म्हणतात, त्यांच्या मुलीनं त्यांना पलंग उचलायला सांगितलंच नाही." त्यांच्या मुलीनं. मी स्वतःबद्दल असं बोलत होते जसं कुणी गावातल्या दुसऱ्याच घरची गोष्ट सांगावी. माझा आवाज सरळ राहिला, शिक्षिकेचा आवाज होता तो. हेन्रिकनी माझ्याकडे पाहिलं, आणि मग मलाच विचारलं, "का नाही सांगितलं?"

"का म्हनते?" बाबूजींनी विचारलं.

"म्हनतात, पोरीनं काऊन नाई सांगतलं."

"मंग सांग ना त्याले."

पण मी हेन्रिकना नाही सांगितलं. मी वळले आणि बाबूजींना सांगितलं. "मले वाटलं, तुमी नाई म्हनाल."

"नाई म्हनलोच असतो," बाबूजी म्हणाले. "पन पलंग उचलला असता."

उंबऱ्यावरून मायनं नाक ओढल्याचा आवाज आला. हेन्रिक वाट पाहत होते. मी त्यांना ते इंग्रजीत सांगितलं, आणि तो म्हातारा इतका मोठ्यानं हसला की कोठ्यात बैल बिचकले. मग त्यांनी आपला प्रश्न विचारला. म्हणाले, "तुमचा मुलगा इतका मोठा झाला, घरात राहतो, तुम्हाला कधी वाटत नाही का, की त्यानं जावं?"

बाबूजींनी त्यावर फार विचार केला नाही. "रोज वाटते," ते म्हणाले. "पन तो गेला तर मी कोनासंग भांडू?"

दादा मागच्या दारात उभा होता. त्यानं ऐकलं आणि काहीच न ऐकल्यासारखा आत गेला.

त्या पंधरवड्यात करुणाही पुरती थकली. एकोणिसाव्या वर्षानंतर ती बापासोबत इतके दिवस सलग जेवली नव्हती. माय दोघांना शेजारी बसवून वाढायची आणि चौथ्या दिवसापासून बापलेकीची खटपट सुरू झाली. तो टोपी घालत नाही म्हणून ती ओरडायची, ती बूट उन्हात वाळवते म्हणून तो. ती मला म्हणाली, "मला हे फार आवडतंय आणि मला हे वर्षभर मुळीच जमणार नाही." मी म्हटलं, दोन्ही खरं असू शकतं. हेन्रिक पुढे आठ-नऊ वर्षं जगले. शेवटची काही वर्षं करुणा त्यांच्याच खेड्यात, दोन रस्ते सोडून राहिली. एका छपराखाली नाही. जायच्या आधी फोन करायची ती शेवटपर्यंत. बाबूजींना हे कळवलं तेव्हा ते म्हणाले, ठीक आहे, हाकेच्या अंतरावर तर आली.

मी स्वतः त्या गच्चीवरच्या खोलीत तीन वर्षं राहिले. लग्न तिथूनच केलं, मी निवडलेल्या माणसाशी. आमच्याच शाळेत तो गणित शिकवायचा. बाबूजींनी त्याला एकच प्रश्न विचारला, धान कापता येते का. येत नव्हतं. आता आम्ही दोघं कामठ्यात राहतो. बाबूजी गेल्यानंतर दादा-वहिनी मुलाकडे नागपूरला गेले. माहंच घर आहे म्हणणारा दादा आता चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये सुनेला विचारून टीव्ही लावतो, आणि सुखात आहे. मायला एकटं ठेवायचं नव्हतं, आणि मलाही यायचं होतं. लोक म्हणतात, मुलगी असून आईला सांभाळते. मी दुरुस्त करते. मी माझ्या घरात राहते, आणि माझी माय माझ्यासोबत भांडते. आमच्या शेजारी पुण्याच्या कंपनीत नोकरी करणारा एक मुलगा वर्षभर घरी बसून लॅपटॉपवर काम करतो. त्याची आई मला हळूच विचारते, हा घरीच असतो, चांगलं दिसते का? मी तिला सांगते, त्यालाच विचार त्याला कसं दिसते.

तर सांगायचा राहिला तो सोमवार, सपरीतल्या त्या बोलण्यानंतरचा. हेन्रिक आले त्या पंधरवड्यातलाच. शाळा सुटून मी गल्लीच्या तोंडाशी आले तर आंटींच्या इमारतीसमोर ट्रॅक्टर उभा. ट्रॉलीत माझा सागवानी पलंग, त्याच्या शेजारी दादा, आणि ट्रॅक्टरला टेकून हेन्रिक, डोक्यावर टोपी. करुणानं आपण होऊन सुतळीची बाज घेतली होती आणि पलंग सोडून दिला होता. बाबूजी जिन्यात होते. त्यांनी हाताच्या वितीनं जिन्याचं वळण मोजलं आणि वर न पाहता म्हणाले, "नेवार सोडा लागते. असा नाई वळत."

मग सगळ्या गल्लीसमोर आम्ही पलंगाची नेवार, ती विणलेली पट्टी, सोडली. दादानं पाय ठोकून काढले. आंटी पहिल्या मजल्यावरून हुकूम सोडत होत्या, "इधर से, इधर से, दीवार मत घिसो!" त्यांचे दोन मुलगे दुकानातून उठून आले. बाबूजींनी पुढची बाजू धरली. दादा म्हणाला, तुमी राहू द्या, मी धरतो. बाबूजी म्हणाले, "तू मांगं धर." एकेका मजल्यावर थांबत, घामानं निथळत ते तिघं-चौघं वर गेले. मी मागून नेवारीची गुंडाळी घेऊन चढत होते, आणि हेन्रिक पलंगाचे पाय बगलेत घेऊन माझ्या मागे.

बाबूजींनी पलंग स्वतः जोडला. नेवार ओढून बांधली, हातानं दाबून पाहिली. मग उठून दाराची कडी दोनदा लावून काढून पाहिली. खिडकी उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. "हवा चांगली येते," म्हणाले. मी भात टाकला. ह्या वेळी खरोखर बऱ्याच माणसांचा होता, आणि पातेलं लहान पडलं म्हणून आंटींकडून मोठं आणलं. वर वरण आणि वहिनीची जवसाची चटणी. सगळे जमिनीवर बसले. बाबूजींना मी पलंगावर बसा म्हटलं तर ते नाही म्हणाले, "तुहा पलंग आहे." खालीच बसून, न बोलता जेवले. भात दोनदा घेतला.

निघताना ते सगळ्यात शेवटी जिना उतरले. मी मागे होते. पहिल्या मजल्यावर आंटी दारातच उभ्या होत्या, त्यांना सगळी गोष्ट समजून घ्यायची होती. त्यांनी विचारलं, "बाबूजी, बेटी को लेने आए थे क्या?"

बाबूजींनी गमछ्यानं मान पुसली. शहरात आले की ते हिंदी फार जपून बोलत, एकेक शब्द पाहून ठेवल्यासारखी.

"नहीं जी," ते म्हणाले. "पहुँचाने आया था।"